रांजण धुवायचा नाही

बायको खोकून खोकून गेली. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मी म्हणतो, गोवऱ्यांचा धूर. सारा जन्म तिनं त्या धुरात भाकरी भाजली.

मी शाळेत शिपाई होतो. सायन्सच्या मास्तरांनी एकदा पोरांना सांगितलं, की शेणकाला कोंडून ठेवला तर त्यातून जळणारी हवा निघते. बायकोच्या माघारी मी तिच्याच पाण्याच्या रांजणात शेण कालवलं आणि त्यात रॉकेलचा रिकामा डबा, बुडाला भोक पाडून ते मेणानं बुजवून, पालथा घातला. डबा जितकी बोटं वर येईल, तेवढी हवा.

बहीण शुक्रवार पेठेतून आली ती ओरडतच. "दादा, वहिनीचा रांजण बाटवलास की रं!"

"तिचाच हाय. तिच्याच कामाला लावलाय."

पण डबा काही वर येईना. आमच्या घरात शिळं ठेवायची रीत नाही, म्हणून मी दर अमावास्येला रांजण घासून धूत होतो. मास्तर हसले. म्हणाले, "अहो, ते शिळंच तर हवा करतं!" मग मी निम्मं तसंच ठेवून वर ताजं घालू लागलो. थंडी सरली तसा डबा सहा बोटं वर आला. त्यावर दगड ठेवला, भोकाचं मेण काढलं, काडी लावली. निळी, बोटभर ज्योत.

"एवढ्यावर भाकरी तरी भाजंल का?" बहीण म्हणाली.

"न्हाय भाजणार. पण तू खोकलीस का?"



त्यानंतर कितीतरी अमावास्या गेल्या. रांजण मी धुतलेला नाही. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.