नेट चालू होतं, आजोबा थांबले होते

माझ्या दोघा नातवंडांनो,

मागच्या रविवारी थोरलीने विचारलं, "आजी, तुमचं नेट आता फास्ट झालं ना? मग आजोबा मध्येच का थांबतात?" मी म्हटलं, नीट सांगते नंतर, आणि धाकट्याच्या पडलेल्या दाताकडे विषय वळवला. गेले कित्येक महिने मी तुम्हाला एकच उत्तर देत आले, नेट स्लो आहे. त्यातलं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं फोनवर सांगता येत नाही, कारण आजोबा शेजारीच बसलेले असतात आणि त्यांच्यादेखत ते बोलणं मला जड जातं. म्हणून हे लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि इंग्रजीत लिहिलं तर तुम्हाला सोपं जाईल हेही मला कळतं, पण इंग्रजीत माझं लिहिणं तक्रार अर्जासारखं होतं. अडेल तिथे बाबांना विचारा.

मी वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला हेडफोन लावून गावोगावचे ट्रंक कॉल जोडायचे, आणि पुढे ते बंद झाल्यावर तक्रारींच्या टेबलावर बसायचं. माणसं ओरडायची, रडायची, मध्येच गप्प व्हायची. आमच्या कामाची शिस्त एवढीच होती की माणसाकडे लक्ष द्यायचं नाही, लाइनकडे द्यायचं. पलीकडून आवाज येत नसेल तर पहिला संशय तारेवर. इतकी वर्षं तेच केल्यावर हात आपोआप तिकडेच जातो. माझी चूक कुठून आली ते कळावं म्हणून हे आधी सांगितलं.

वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेच्या या घरात फायबरचं कनेक्शन बाबांनी घेऊन दिलं, ते तुमच्यासाठीच. रविवारी सकाळी साडेसात, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी रात्रीचं जेवण आटोपल्यावर. आजोबा सात वाजताच अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून मागच्या खोलीत बसायचे, कारण ती गार असते. फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला. त्यांच्या मागे भिंतीवरचा पंखा. मी स्वयंपाकघरात सांजा करत असायची आणि पाच-दहा मिनिटांनी येऊन बसायची.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही ओरडायला लागलात, "आजी, आजोबा अडकले!" मी गॅस बंद करायची आणि धावायची. कुठे? समोरच्या खोलीत, राउटरकडे. त्याचे दिवे बघायची, तार चाचपायची. लाल दिवा लागला असेल तर बाहेरून येणारी लाइन तुटली, हिरवे असतील तर दोष घरातला. दिवे हिरवेच असायचे. परत खोलीत येईस्तोवर आजोबा बोलत असायचे. मला वाटायचं, तार हलवल्याने जमलं.

मग मी पद्धतशीर मागे लागले. वही केली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी वेग मोजायची आणि लिहून ठेवायची. त्यातून मला जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. घरातलं नेट ही एक वस्तू नाही, दोन आहेत. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश होऊन जे दारापर्यंत येतं ते एक, आणि राउटरपासून फोनपर्यंत हवेतून जे जातं ते दुसरं. लोक एकाचे पैसे भरतात आणि दुसऱ्याने हैराण होतात. आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता, कारण समोर ठेवला तर बरा दिसत नाही. लोखंड त्या लहरी अडवतं. शिवाय मधे दोन विटांच्या भिंती. फोनही जुना. आणि तुमचं चित्र आम्हाला स्वच्छ दिसायचं, पण आमचं तुम्हाला तुटक, याचंही कारण सापडलं. येणारं आणि जाणारं असे वेग वेगळे असतात, आणि मागच्या खोलीतून जाणारं अगदीच मरतुकडं होतं.

एकेक दुरुस्त करत गेले. राउटर कपाटामागून काढून दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारावर उंच लावला. फायबरची तार गॅलरीच्या दारात चेपली जात होती, ती सोडवली. धागा जास्त वाकला की त्यातला प्रकाश गळतो. संध्याकाळी सगळी कॉलनी सिनेमे बघत असते तेव्हा वेग पडतो हे वहीत स्पष्ट दिसत होतं, पण आपली वेळ सकाळची, त्यामुळे ते कारण मी खोडलं.

आजोबा माझी मजा बघायचे. ते गिरडकडचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पण घरात बोलणं अजून गावचंच. "काय करून राह्यली वं? एक्स्चेंज सुटून इतके वर्षं झाले, अजून तुही ड्यूटी संपली नाई?"

"तुमच्यामुळेच चाललंय," मी म्हणायची. "नातवंडं ओरडतात, आजोबा अडकले म्हणून."

"मी काऊन अडकीन? मी तं बोलतच राह्यतो. तुह्या डब्ब्यातच काई नाई."

प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा रविवार चांगला जायचा आणि माझी खात्री पटायची. मग पुन्हा तेच.

आणि मग तो रविवार. थोरले, तुला आठवत असेल. मी नुकती येऊन दाराशी उभी होते. आजोबा धाकट्याला सतराचा पाढा शिकवत होते. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे..." आणि थांबले. तू हसत सुटलीस. "आजी, मस्त! आजोबा हँग झालेत, पण मागचा पंखा चालू आहे!"

मी राउटरकडे वळले होते. दोन पावलं गेले आणि पाय जागीच राहिले. चित्र अडकलं तर सगळंच अडकतं. माणूस, भिंत, पंखा, सगळं. पंखा डावीकडून उजवीकडे जातो आहे आणि माणूस स्थिर आहे, असं लाइनच्या बिघाडाने होत नाही.

मी मागे वळून पहिल्यांदा फोनकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. डोळे उघडे होते. माझ्यापलीकडे कुठेतरी बघत होते. ओठ किंचित हलत होते, काही चघळत असल्यासारखे, आणि डाव्या हाताची बोटं सदऱ्याचं बटण चाचपत होती. मी हाक मारली. काही नाही. मग एकदम पापण्या हलल्या आणि ते म्हणाले, "हं, सतरा दुणे?" पाढा पुन्हा दुसऱ्या पायरीवर गेला होता. तुम्ही दोघं हसलात. मीसुद्धा हसले.

त्यानंतरचे आठवडे मी तुमच्यापासून लपवले, बाबांपासूनही. तेवढंच नाही, जे दिसलं ते स्वतःलाही पटू दिलं नाही. कंपनीत तक्रार केली आणि लाइन बघायला माणूस बोलावला. हे गृहस्थ पन्नाशीचे, पूर्वी केबल टीव्हीच्या तारा ओढायचे. त्यांनी मशीन लावून प्रकाश मोजला, राउटरला सरळ वायर जोडून वेग बघितला, मागच्या खोलीत जाऊन पुन्हा बघितला.

"काकू, लाइन तं एकदम चोख हाये. तुमच्या घरात जसं नेट हाये, तसं माह्या साहेबाच्या घरी नाई."

"पुन्हा बघा," मी म्हटलं. "काहीतरी असेल."

"दोनदा पाह्यलं, काकू."

"राउटर बदलून द्या मग."

त्यांनी नवा लावून दिला. मी देवापुढे दिवा लावावा तसं त्याच्यापुढे उभी राहून दिवे लागताना बघितले. त्याच दुपारी चहा पिताना आजोबा बिस्किट बशीवर धरून थांबले. ना फोन, ना नेट. बिस्किटाचा ओला तुकडा बशीत पडला. मी मनात आकडे मोजले, जुनी सवय. चाळिसाला त्यांनी कप उचलला आणि म्हणाले, "बिस्किट कोनं तोडलं?"

त्या दिवसापासून मला घरातल्या प्रत्येक वस्तूची भीती वाटू लागली. गॅसची, न्हाणीघराच्या कडीची, गच्चीच्या जिन्याची, समोरच्या रस्त्यावरच्या ऑटोंची. ते भाजी आणायला निघाले की मीही पिशवी घेऊन निघायची. "एकटा गेलो तं हरपून जाईन काय मी?" ते चिडायचे. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. थांबल्याचं त्यांना आठवायचं नाही. मला कळत होतं की हे सांगितलं की डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटलं की विसरण्याच्या आजाराचं एक नाव, आणि मग ते नाव रोज सकाळी आमच्याबरोबर उठेल. ते हळूहळू मला विसरत जातील आणि मी या घरात एका सदरा घातलेल्या शांततेबरोबर राहीन, असं वाटायचं.

आणि आता माझ्या चुकीचं सांगते. रविवारी ते थांबले की मी राउटरचं बटण बंद करायची. तुम्हाला दिसायचं, कॉल तुटला. दोन मिनिटांनी चालू करून मी म्हणायची, "बघा ना, पुन्हा नेट गेलं." असं चार रविवार केलं. जिने आयुष्यभर लाइन जोडल्या, ती स्वतःच्या हाताने तोडत होती.

बाबा तिकडे वैतागले आणि त्यांनी ऑनलाइन कडक तक्रार केली. तेच गृहस्थ पुन्हा आले. आजोबा बाहेर पेपर वाचत होते. ते गृहस्थ मोबाइलवर काहीतरी बघत मागच्या खोलीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, रागावजो नका. आमच्याकडं सगळं दिसते. दर रविवारी पावणेआठच्या सुमारास तुमचा डब्बा बंद होते. लाइन तुटत नाई, करंट जाते. आणि शेजारच्या घरी तं त्याच वक्ती चालू राह्यते. बटन कोन बंद करते?"

एका परक्या माणसाला, तार गुंडाळत उभ्या असलेल्या, मी ते सगळं सांगितलं जे पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरकडं नेलं का?"

"नेऊन काय? तिथे ते अगदी ठीक बोलतील. पाढेसुद्धा म्हणतील."

"आमचं बी असंच होते ना, काकू. आमी आलो का लाइन चांगली, आमी गेलो का खराब. म्हनून मी लोकायले सांगतो, बिघाड येईन तवाच व्हिडिओ काढून ठेवा, मले नुसतं सांगू नका. तुमी बटन बंद करून राह्यल्या, म्हंजे जो पुरावा पाह्यजे तोच तुमी मिटवून राह्यल्या. पुढच्या रविवारी बंद नका करजो. रेकॉर्ड करजो."

नोकरीत हे मी स्वतः किती लोकांना सांगितलं असेल. मधूनमधून येणाऱ्या बिघाडाची वेळ लिहा, किती वेळ टिकला लिहा. वही तर माझ्याजवळ होतीच. तिच्यात फक्त राउटरची हजेरी होती.

पुढच्या रविवारी मी आजोबांच्या समोर, फोनच्या शेजारी, दुसरा फोन धरून बसले. तुम्हाला वाटलं मी फोटो काढते आहे. आजोबा दोनदा थांबले. ते थांबावेत असं मला वाटत होतं आणि थांबू नयेत असंही, आणि त्या गोंधळात पहिलं रेकॉर्डिंग नीट आलंच नाही. दुसरं आलं.

त्याच संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. बटणाचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आई, मी ती नेटची कंपनी बदलणार होतो," आणि त्यांना रडू आलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजोबांशी गप्पा मारल्या. अपेक्षेप्रमाणे सगळी उत्तरं बरोबर. मग त्यांनी माझ्या फोनवरचं रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. ओठांकडे आणि बटण चाचपणाऱ्या बोटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही विसराळूपणाची लक्षणं नाहीत. हे झटके आहेत. सगळेच झटके हातपाय आपटणारे नसतात." पुढे मेंदूचा आलेख काढला, स्कॅन केला. कधीतरी, आम्हा कोणाच्या लक्षात न येता, एक छोटा पक्षाघात होऊन गेला होता, आणि त्याच्या वणाशी हे झटके येत होते. गोळ्या सुरू झाल्या.

आजोबांना मी ते रेकॉर्डिंग दाखवलं. लपवणं पुरे झालं होतं. त्यांनी स्वतःला थांबलेलं पाहिलं, अगदी शेवटपर्यंत. फोन माझ्या हातात परत देताना म्हणाले, "इतके दिवस तू एकटीच पाहून राह्यली हे?" त्या दिवसापासून न्हाणीघराची कडी ते आपण होऊन लावत नाहीत.

भीती गेलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी कसलीही हमी दिली नाही, आणि मी मागितली नाही. पुन्हा पक्षाघात होऊ शकतो. गोळ्यांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. महिन्यातून एखाद-दुसरा येतो. मागच्या रविवारी थोरलीने पाहिला तो त्यातलाच. तसं झालं तर हसू नका असं मी म्हणणार नाही, पण ओरडूही नका. कॉल बंद करू नका. तसेच समोर बसून राहा. मी शेजारी असते आणि वेळ लिहून ठेवते.

काही गोष्टी गेल्या. शेजाऱ्यांची नावं त्यांना चटकन येत नाहीत. भाजीचा हिशेब चुकतो, आणि गणिताच्या मास्तरांना ते लागतं. गिरडला एकटं जाणं बंद झालं. पण तुम्हा दोघांची नावं, वाढदिवस आणि कोण कितवीत आहे हे त्यांना पाठ आहे. सदरा ते अजून स्वतः इस्त्री करतात. पाढे तीसपर्यंत येतात.

तुमची आजी