रेजिनाबाईंच्या अर्जावरची सही

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि — आता सुरुवात केलीच आहे तर तेही सांगतो — चर्चमध्ये पापनिवेदनाला गेल्यावरही नाही. तिथे मी राग आला, तोंडातून वाईट शब्द गेला, रोजरीची प्रार्थना चुकवली, असली किरकोळ पापं सांगून उठतो. फादर तरुण आहेत. माझ्या वयाकडे बघून ते दोन प्रार्थना म्हणायला सांगतात आणि सोडून देतात. मोठं पाप तसंच बरोबर घेऊन मी घरी येतो.

मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांना सांगायची छाती असती, तर एवढी वर्षं लागलीच नसती.

मी वसईचा. सांडोरच्या पलीकडे आमचं गाव — नाव राहू दे. शाळेत मुख्याध्यापक होतो, त्याच पदावरून निवृत्त झालो. गावात मला नुसतं 'सर' म्हणतात, नाव कुणी घेत नाही. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलचं पहिलं वाचन बहुतेक मीच करतो. माझे उच्चार स्वच्छ आहेत असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. ही फुशारकी नाही. पुढे जे झालं त्यात माझा शब्द खरा धरला गेला तो याच्यामुळे, म्हणून सांगितलं.

रेजिनाबाई आमच्याच शाळेत मराठी शिकवायच्या. माझ्याहून बऱ्याच लहान. लवकर निवृत्ती घेऊन त्या गावच्या कामात पडल्या. त्यांचा नवरा आंतोन — केळीची वाडी करायचा, भाजी बाजारात न्यायचा. माणूस हसरा, कामाला वाघ, पण कागदपत्रांचा भारी कंटाळा. एकदा रेजिनाबाई माहेरी होत्या, तेव्हा या गृहस्थाने मुलीच्या प्रगतिपुस्तकावर बायकोच्या नावाने सही ठोकून दिली होती. मी ती पकडली. पकडली आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हसून हसून सांगितली. रेजिनाबाईंच्या देखत. गावभर झाली ती गोष्ट. आंतोन स्वतःही हसायचा.

हे ध्यानात ठेवा. मी तर ठेवलंच होतं.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक आली. आमच्या गावाच्या टोकाला एक बावखल होतं — पावसाचं पाणी साठवायचं जुनं तळं, पूर्वी सगळ्या वाड्यांना त्याचंच पाणी. त्यात हळूहळू भराव पडायला लागला होता. अर्ज देऊन झाले, भेटी घेऊन झाल्या. शेवटी लोकांनी ठरवलं की आपलाच माणूस आत पाठवायचा. जागा महिलांसाठी राखीव होती. रेजिनाबाईंनी अपक्ष उभं राहायचं असं चर्चच्या हॉलमधल्या बैठकीत ठरलं.

त्या बैठकीला मला बोलावलं नव्हतं. मुद्दाम वगळलं असेल असंही नाही, विसरले असतील. पण मला लागलं. महापालिका व्हायच्या आधी, ग्रामपंचायत असताना, मी एकदा उभा राहिलो होतो आणि सपाटून पडलो होतो. माझ्याच गल्लीने मला मतं दिली नव्हती. आणि आता रेजिनाबाईंसाठी तीच गल्ली पत्रकं वाटायला निघाली होती. जागा महिलांची, मी उभा राहूच शकत नव्हतो — तरी मला असं वाटत होतं की कुणीतरी माझं काहीतरी काढून घेतलंय. हे वय झालेल्या माणसाला शोभतं का? नाही शोभत. पण वाटत होतं.

उमेदवारी अर्जाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक, दोघंही त्याच प्रभागातले मतदार. रेजिनाबाईंनी सूचक म्हणून मला विचारलं. मी हो म्हणालो. एक अर्ज बाद झाला तर दुसरा असावा म्हणून त्यांनी दोन अर्ज भरले — आणि दोन्हींवर सूचक म्हणून माझंच नाव घातलं. मास्तर लोकांची हुशारी ही अशी.

सही घ्यायला त्या स्वतः येणार होत्या. पण थकबाकी नसल्याचा दाखला मिळवायला त्यांना ऑफिसात रांगेत उभं राहावं लागलं, म्हणून आंतोन आला. मी वाडीत केळीची पानं कापत होतो. हाताला चीक. तिथेच उलट्या ठेवलेल्या टोपलीवर त्याने कागद धरले. मी एरवी सही इंग्रजीत करतो — बँकेत, शाळेत, सगळीकडे. आंतोन म्हणाला की बाईंचा सगळा अर्ज मराठीत आहे, सही पण मराठीत शोभेल. मला ते आवडलं. दोन्ही अर्जांवर मी मराठीत, पूर्ण नाव लिहून, वळणदार सही केली. एका अर्जाच्या कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा चीक लागला. आंतोन तो फडक्याने पुसायला लागला, तर आणखीच पसरला.

म्हणजे सही माझी होती. दोन्हींवर. एकदाचं लिहून टाकलं.

छाननीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नीलेश आला. माझा जुना विद्यार्थी, आता बांधकामाचा धंदा करतो. त्याचीच बायको रेजिनाबाईंच्या समोर उभी होती, आणि तिसरं कुणी नव्हतं. त्याने वाकून नमस्कार केला, चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली. मग खिशातून शाळा सोडल्याच्या त्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. खाली माझी इंग्रजी सही. तो म्हणाला, सर, अर्जावर मराठीत आहे, मी हरकत घेतोय, उद्या साहेब तुम्हाला विचारतील, तुम्ही नेहमी कशी सही करता तेवढंच सांगा. खोटं बोलायला मी कशाला सांगेन तुम्हाला?

त्याने धमकी दिली असती तर आज मला सांगायला काहीतरी असतं. त्याने काही दिलं नाही, काही मागितलं नाही. माझं कुठलंच काम त्याच्याकडे अडलेलं नव्हतं. तो नुसता माझ्यासमोर बसून ऐकत राहिला — मी त्याच्या वर्गाच्या आठवणी सांगत होतो, तो मान डोलवत होता. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकत होतं. एवढ्यावर माणूस विकला जातो का? मी गेलो.

दुसऱ्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर रेजिनाबाई होत्या, आंतोन होता, नीलेश आणि त्याचा वकील होता. अधिकाऱ्यांनी दोन्ही अर्ज माझ्यापुढे सरकवले आणि विचारलं की ही सही तुमची का.

मी म्हणालो, "मी सही इंग्रजीत करतो, साहेब."

त्यांनी पुन्हा विचारलं. ते बिचारे सरळ होते, त्यांना हो किंवा नाही हवं होतं. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, म्हणजे ही तुमची नाही? आणि मी मान हलवली. नाही म्हणून. वर त्यांनी लेखी द्यायला सांगितलं तेव्हा तेही दिलं, खाली इंग्रजीत झोकदार सही करून.

आंतोन माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. वर्गात एखादं गणित अजिबात कळलं नाही की पोरं बघतात तसा. मग तो बायकोला म्हणाला की सरांनी माझ्यासमोर केलीय, हा बघ चिकाचा डाग. बाईंनी त्याचे हात धरून उलटे केले. तळव्यांवर चिकाचे काळे डाग होतेच. आमच्या गावात कुणाच्या हातावर नसतात? त्या एवढंच म्हणाल्या, "सरांकडे जायचा कंटाळा आला होता तर मला सांगायचंस."

दोन्ही अर्ज बाद. नीलेशची बायको बिनविरोध.

सही नाकारताना मला ठाऊक होतं की नाव आंतोनचं येणार. त्या प्रगतिपुस्तकाची गोष्ट मीच तर गावभर केली होती. ते ठाऊक नसतं तर मला वाटतं मी घाबरलो असतो आणि खरं बोललो असतो. आपल्यावर येणार नाही, याची खात्री होती म्हणून जीभ एवढी सहज वळली.

दुसऱ्या दिवशी रेजिनाबाई घरी आल्या. माझी माफी मागायला. तुमच्या नावाने त्याने सही ठोकली, सर, तुम्हाला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं, म्हणाल्या. मी काय केलं असेल? मी त्यांना पाणी दिलं आणि मनावर घेऊ नका म्हणालो. मोठ्या मनाचा माणूस झालो.

त्याच आठवड्यात आंतोनही आला. फाटकाच्या आत आला नाही. "सर, तुमी केली ना सही? मंग तिला एकदा सांगा. बाकी कुनाला नका सांगू." फक्त तिला — एवढंच मागत होता तो. निवडणूक गेली ती गेली, त्याबद्दल एक शब्द नाही. मी म्हणालो, मला आठवत नाही, आंतोन. तो फाटकावरूनच परत गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

बाजारात त्याला 'सहीवाला' म्हणायला लागले. थट्टेनेच, पण रोज. घरातले कागद बाई त्याच्या हाती देईनाशा झाल्या, विजेचं बिलसुद्धा नाही. मिस्साला तो मागच्या बाकावर बसायचा, आणि मी वाचायला उभा राहिलो की उठून बाहेर जायचा. लोकांना वाटायचं, सरांसमोर बसायची लाज वाटते त्याला. माझं वाचन मात्र कधी अडखळलं नाही.

बावखल बुजलं. आता तिथे गाड्या उभ्या राहतात, आणि पावसाळ्यात खालच्या आळीत पाणी शिरतं. पण खरं सांगू? बावखलाचं मला एवढं लागत नाही. रेजिनाबाई निवडून आल्या असत्या तरी ते वाचलं असतं की नाही, कुणास ठाऊक. आंतोनचं तसं नाही. तिथे काय झालं असतं ते मला नक्की माहीत आहे.

ती मुदत संपल्यावर कितीतरी वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही, प्रशासकच कारभार बघत होता. त्या काळात आंतोन आजारी पडला आणि गेला. मी अंत्यविधीला होतो. वाचन मीच केलं — बाईंनीच सांगितलं होतं.

यंदा निवडणूक जाहीर झाली तेव्हा लोक पुन्हा रेजिनाबाईंकडे गेले. त्यांनी नाही म्हटलं. का ते सांगायला त्या माझ्याकडे आल्या. असल्या गोष्टी त्या अजून माझ्याजवळ बोलतात. ओट्यावर बसल्या. दम राहिला नाही म्हणाल्या, गुडघे दुखतात म्हणाल्या. मग आंतोनचं काढलं.

"शेवटच्या दिवसांत मी त्याला म्हटलं, सहीचं मी तुला माफ केलंय. इतकी वर्षं जड होतं माझ्या मनावर. वाटलं, आता तरी कबूल करील. नुसता 'बरं' म्हणाला आणि माझा हात धरून पडून राहिला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "माफ केलं ते बरंच केलं ना, सर?"

आंतोन नव्हता. नीलेश केव्हाच मुंबईला राहायला गेला होता. ओट्यावर आम्ही दोघंच होतो, आणि सकाळची वेळ होती, कुणालाच कसली घाई नव्हती. मी म्हणालो, "चांगलं केलंत, बाई."