सुतकातून राहिलेलं मडकं

माझी थोरली बहीण आलापल्लीला बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मागे दोन मुली राहिल्या, एक नऊ वर्षांची आणि एक चार. त्यांना सकाळचं करून घालायला मला आमच्या सावली गावाहून पाठवलं. भावजी जंगलखात्यात नाकेदार होते. उजाडायच्या आधी ते सागवानाच्या जंगलात निघून जात आणि दुपार कलल्यावर परत येत. संध्याकाळचा भात त्यांना रांधता येई. सकाळी मात्र घरात कोणी नसे.

मी सोळा वर्षांची होते. चौथी झाल्यावर शाळा सुटली होती, पण आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी एकटीच. माय म्हणाली, "तूच जाय. तुले पत्र तरी लिहिता येते." आणि मग हात धरून म्हणाली, "दोघी पोरी एका जागी राहिल्या पाहिजेत. मले शब्द दे." मी दिला. वैनगंगा नावेनं ओलांडली, पुढे बैलगाडी, आणि शेवटी लाकडं भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमध्ये बापाशेजारी बसून गेले. बाप तलावावर मासे धरणारा माणूस. एवढं जंगल त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परत गेला.

भावजींची बहीण चांद्याहून तेराव्यासाठी आली होती आणि माझी वाट पाहत थांबली होती. सुतक फिटल्यावर घरातली मातीची भांडी फेकतात, तशी तिनं सगळी बाहेर नेऊन फोडली होती. अंगणाच्या कडेला खापऱ्यांचा ढीग मी स्वतः पाहिला. जाताना ती मला म्हणाली, "थोरली राहू दे इथी, बापाले हाताशी होते. पण धाकटी काही खात नाई. चैत्र लागला की मी येतो. पोर अशीच वाळत राह्यली तं मी तिले घेऊन जाईन."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तिचं घर खाऊन-पिऊन सुखी होतं. मला मात्र मायला दिलेला शब्द आठवला.

आमच्याकडे सावलीला सकाळी काय खात, तर रात्रीचा भात. पाणी घालून झाकून ठेवायचा आणि सकाळी मीठ-कांद्याबरोबर खायचा. पण आई नसलेल्या पोरींना शिळं कसं घालायचं, असं माझ्या मनानं घेतलं. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलेलं मला पाठ होतं, की शिळं खाऊ नये, भांडी लख्ख ठेवावीत, अन्न उघडं ठेवू नये. तेवढंच माझं शिक्षण, आणि मी ते धरून बसले. रोज पहाटे उठून ताजं करायची. कधी तांदळाची उकड, कधी गुळाचा शिरा, कधी पळसाच्या पानांत भाजलेले पानगे. थोरली मुकाट्यानं खायची. धाकटी तोंड मिटून घ्यायची. एखादा घास गेलाच तर गालात धरून ठेवायची आणि अंगणात जाऊन टाकून यायची.

मायला कार्डावर लिहिलं, दोघी नीट खातात. गुरुजी तिला ते वाचून दाखवतील आणि तिला बरं वाटेल.

फाल्गुन अर्धा सरला. एका सकाळी सरपण काढायला मी मागच्या छपराखाली, सपरीत गेले. तिथं लाकडांच्या मागे, फडक्यानं तोंड बांधलेलं एक काळं मडकं होतं. फडकं सोडलं तर आंबट वास नाकात घुसला. आत पांढुरकं पाणी, वर बुडबुडे. सुतकातलं मडकं घरात राहून गेलं होतं, म्हणूनच पोर खात नाही, म्हणूनच ती वाळत चालली आहे, असं मला त्या घडीला अगदी खरं वाटलं. भावजींनाही विचारलं नाही. मडकं उचललं, नाल्याकाठी नेलं, पाणी ओतून दिलं आणि दगडावर आपटून फोडलं. परत येऊन अंघोळ केली. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं.

थोरली शाळेतून आली. मी अंगण झाडत होते. ती सपरीत गेली आणि बाहेर येऊन उभी राहिली.

"मावशी, मडकं कुठी हाय?"

"सुतकातलं होतं ते. मी फोडलं."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "मायचं आंबिलीचं होतं. आत्या फोडून राह्यली होती तवा मी लपवलं."

हळूहळू एकेक गोष्ट निघाली. बहिणीच्या घरी सकाळी आंबील होई. मडक्यात आदल्या दिवसाचं आंबट पाणी थोडं ठेवायचं, संध्याकाळी त्यात ज्वारीचं पीठ कालवायचं, आणि सकाळी शिजलेल्या तांदळाच्या कण्यांत ते ओतून उकळायचं. मडकं कधी घासायचं नाही, रितं करायचं नाही. माय गेल्यापासून थोरली रोज संध्याकाळी त्यात पीठ टाकत होती. चूल माझ्या हातात, म्हणून शिजवता येत नव्हतं. मी पाण्याला गेले की ती धाकटीला त्यातलं वाटीभर आंबट पाणी मीठ घालून पाजत होती. पोर जगत होती ती माझ्या शिऱ्यावर नाही, त्या वाटीवर.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तू आत्यासारखं फेकून देलं असतं."

खरंच होतं. फेकूनच तर दिलं होतं.

पुढचे दोन दिवस धाकटीनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चैत्र लागायला आठ दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी तिला कडेवर घेतलं तर सुकं फडकं उचलल्यासारखी हलकी लागली. तशीच तिला घेऊन, आंबट पाणी मिळालं तर म्हणून हातात तांब्या घेऊन, मी शेजारच्या गोंड बाईकडे गेले. बाई वयानं मायएवढी. आजवर मी तिच्याशी कुंपणावरून दोन शब्दांपलीकडे बोलले नव्हते. ती अंगणात मोहाची फुलं पसरत होती. सगळं सांगून झालं तेव्हा मला रडू आवरेना.

ती फुलं पसरतच राहिली. "शाळा शिकली ना तू?"

"चौथी."

"चौथीत आंबील नाई शिकवत वाटते. पाचवीत असन."

आणि मग हसली. मी आलापल्लीला आल्यापासून माझ्याकडे पाहून कोणी हसलं, ते पहिल्यांदाच.

"मडक्यासाठी कायले रडतं? बाजारात मडकी काय कमी हाय? तुही बहीण नवी आली तवा आंबट माह्याच घरून नेलं तिनं. मागच्या साली मी मोह वेचाले गेली तं माहं वाळून गेलं. मंग म्या तिच्याकडून आणलं. आता तू ने."

तिनं आत जाऊन तांब्या भरून आणला. वर म्हणाली, "घासू नको फक्त. तुमची सावलीची माणसं लई घासतात."

ते आंबट तिचं की माझ्या बहिणीचं, मला अजून सांगता येत नाही. त्या बाईचे उपकार मात्र मी रोज सकाळी चूल पेटवताना आठवते, एवढी वर्षं झाली तरी.

भावजींनी बाजारातून नवं मडकं आणून दिलं. मडकं थोरलीनं माझ्या हातून घेतलं आणि आपल्या अंथरुणाच्या उशाशी ठेवलं. पीठ तीच टाकी. मला हात लावू देत नसे. चौथ्या सकाळी म्हणाली, "आता झालं." मी कण्या शिजवल्या, आंबट ओतलं, आणि त्याच्या गाठी झाल्या. धाकटीनं वास घेतला, पुढे सरकली, एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"माय हळूहळू ओतत जाय," थोरली चुलीकडे पाहत म्हणाली. "अन् ढवळणं सोडत नसे. मीठ उतरवल्यावर."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली. मी ओतत होते, ती ढवळत होती. धाकटीनं वाटी दोन्ही हातांनी धरली ती रिकामी करूनच खाली ठेवली. तोंडाला पांढरी मिशी आली होती. "अजून," म्हणाली. मी तिला वाढलं आणि उगाच सरपण आणायला बाहेर गेले.

चैत्रात आत्या आली. पोर दोनतीन दिवसांत काय भरणार, हाडं तशीच दिसत होती. आत्यानं तिचा दंड चाचपून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सकाळी चुलीजवळ बसून तिनं धाकटीला दोन वाट्या पिताना पाहिलं. मग मडक्याकडे बोट केलं.

"हे कुठलं?"

"मडकं नवं हाय. आंबट शेजारच्या बाईचं."

मी खोटं बोलले नव्हते. तरी मान वर करायची हिंमत झाली नाही. थोरली ढवळत होती, तिनंही वर पाहिलं नाही. आत्यानं वाटी पुढे केली. "मले बी दे थोडी." प्याली, पदरानं ओठ पुसले. "वैनीच्या हाताची अशीच राहे," म्हणाली. "थोडी आंबट जास्त झाली तुही."

दुपारच्या मोटारीनं ती एकटीच गेली. जाताना भावजींना म्हणाली, दिवाळीनंतर पाहू.

त्या संध्याकाळी मी मायला दुसरं कार्ड लिहिलं. पहिल्या कार्डात लिहिलं होतं तेच लिहिलं, दोघी नीट खातात. लिहून झालं तेव्हा थोरली मडकं घेऊन माझ्यासमोर आली आणि पिठाचा डबा माझ्याकडे सरकवला.

"आज तू टाक."

"किती?"

तिनं माझी मूठ उघडून पाहिली, बंद केली. "माय एक टाके. तुही मूठ लहान हाय," ती म्हणाली. "दीड टाक."