पाखरं माझी न्हाईत

माझी चुलती छबूबाई आणि माझे वडील यांच्यात चोवीस वर्षं बोलणं नव्हतं. भांडण मात्र रोज होतं. बोलल्याशिवाय भांडण कसं करतात, असं शहरातली माणसं मला विचारतात आणि मला त्यांची कीव येते. आमच्याकडे ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला जनावराच्या आडून ऐकवतात. चुलती आपल्या गायीला म्हणायची, "लोकांच्या बांधावर तोंड घालू नगंस बाई, लोकांचा जीव लई लहान हाय." दादा, म्हणजे माझे वडील आसाराम, लगेच आमच्या बैलाला सांगायचे, "ऐकतूस न्हवं? आपला जीव लहान, पन आपली नजर दुसऱ्याच्या चाऱ्यावर न्हाई." गाय आणि बैल दोघंही मुकाट्यानं चरत. आमच्या घराण्यात समजूतदार तेवढेच होते.

आमची वाटणी झाली सत्तेचाळीस साली. देशाचीही तेव्हाच झाली, पण तिचा गाजावाजा जास्त झाला. चार एकर रानाच्या मधोमध बांध पडला, विहीर सामाईक राहिली आणि वाद अडला जात्यावर. शेवटी जातं चुलत्याच्या घरी गेलं आणि त्याचा खुंटा दादांनी ठेवून घेतला. दोन वर्षांनी चुलते वारले. एकुलती मुलगी पुढे लग्न होऊन केडगावला गेली. चुलती एकटी राहिली, पण खुंटा मागायला काही आली नाही. बाभळीचा दुसरा ठोकून घेतला आणि चोवीस वर्षं दळलं.

बाई उंच, काटक, बोलायला तिखट. तिच्यासारखी गोफण आमच्या पंचक्रोशीत कुणाची नव्हती. साठ पावलांवरच्या कणसावर होला बसला, तर ती होल्याला नाही, त्याच्या शेजारच्या धाटाला दगड लावायची. "जीव कशाला घ्यायचा? भ्या दाखवलं म्हंजे झालं," म्हणायची.

आता राखण म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत माळ्यावर बसावं लागतं. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली फळ्यांची बैठक. तिथून ओरडायचं, फडकं हलवायचं, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची. पाखरं उठतात. उठून जातात कुठे? शेजारच्या रानात. तिथला राखणदार ओरडला की परत आपल्याकडे. म्हणजे नाव राखणीचं आणि काम शेजाऱ्यावर स्वारी करण्याचं. शिवाय सगळं नामानिराळं. कुणी जाब विचारलाच तर उत्तर तयार: "पाखरं काय मी पाळल्यात व्हय?"

एकाहत्तर साली पावसानं हात आखडता घेतला होता. आजूबाजूची रानं उघडी पडली होती आणि विहिरीच्या जिवावर हिरवी राहिली ती आमची दोन एकर, चुलतीची दोन एकर आणि पलीकडे पोलीस पाटील रंभाजीचा तुकडा. रंभाजीची ज्वारी मागास, आमची पोळ्यानंतर लगेच पेरलेली, म्हणून हुरड्यातही लवकर आलेली. साऱ्या मुलखातल्या भोरड्या पाखरांचे थवे आमच्याच चार एकरांवर उतरायचे. आम्हाला निदान माझा पगार होता. मी भिंगारला लष्करी भांडारात कारकून होतो, रोज चार मैल सायकलनं जायचो. चुलतीला त्या दोन एकरांशिवाय काही नव्हतं. तेवढी ज्वारी गेली तर वर्षभर खडी फोडायला जायचं, नाहीतर दिराच्या दारात उभं राहायचं. त्यातलं दुसरं ती मेली तरी करणार नव्हती.

मी नवा ट्रान्झिस्टर घेतला होता. संध्याकाळी आमच्या माळ्यावर तो मोठ्यानं लावायचो, कारण मालकी दाखवल्याशिवाय मजा कसली? त्या दिवसांत बातम्या एकाच चालीच्या. सरहद्दीवर गोळीबार झाला, हे म्हणायचे त्यांनी सुरू केला, ते म्हणायचे यांनी. कुणीतरी पूल उडवला, दोघांनीही कानावर हात ठेवले. कुणी सरहद्द ओलांडली, तर ती आमची माणसं नव्हेत, कोण होती ठाऊक नाही. चुलती पलीकडच्या माळ्यावर गोफण मांडीवर ठेवून सगळं ऐकायची. एके दिवशी गायीला म्हणाली, "गंगे, हे तर आमचंच सांगत्यात की. फकस्त त्यांच्याकडं इमानं हायत."

त्याच आठवड्यात आमच्या माळ्यावरचा पाण्याचा डेरा फुटला. साठ पावलांवरून दगड आला होता. दादा भिजले, बैलाकडे वळले आणि डेरा कुणी फोडला ते विचारलं. पलीकडून चुलती आभाळाकडे बघत म्हणाली, "भोरडी लई खाली उडाली बाई, नेमच चुकला."

छबूबाईचा नेम चुकला! हे ऐकून गावातल्या कुत्र्यालाही हसू आलं असतं.

दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पत्र्याचे दोन डबे टांगले. चुलतीनं चार टांगले. दादांनी कोकलणारे दोन गडी लावले, तिनं केडगावहून लेकीला आणि जावयाला बोलावलं. मग दादांनी भिंगारच्या बाजारातून दिवाळीचे उरलेले सुतळी बाँब आणले आणि बांधाला लागून वाजवायला सुरुवात केली. एका धमाक्यात आमच्याकडची सगळी पाखरं तिकडे. थोड्या वेळानं सगळी परत, कारण भोरड्यांना कुणाचंच सोयरसुतक नसतं. पंधरा दिवसांत दोन्ही घरांचे घसे बसले आणि पाखरं तेवढी गुबगुबीत झाली.

आणि मग तीन डिसेंबरला खरोखरचं युद्ध लागलं. लेक-जावई केडगावला परतले, गडी निघून गेले, आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला अकोल्याला होती. पोलीस पाटील रंभाजीनं दवंडी दिली: दिवे झाका, धमाके आणि डबे वाजवणं बंद, अनोळखी माणूस दिसला तर कळवा. आमच्या कचेरीत तर ज्याला त्याला जिथे तिथे हेर दिसू लागले. चहावाल्याच्या केटलीतही आम्ही वाकून बघितलं.

त्या हवेत माझ्या डोक्यात किडा वळवळला. दादा डेऱ्याचं नाव काढून रोज कुढत होते. मला वाटलं, बापाचे पांग फेडण्याची हीच वेळ. मी कचेरीतली जांभळी कॉपिंग पेन्सिल घेतली, तिचं टोक जिभेवर ओलं केलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डावा हात वापरला आणि अर्ज लिहिला: "सदर बाई उंच माळ्यावर बसून पांढरे फडके हलवते, आकाशाकडे खुणा करते व लष्करी ठाण्यालगत स्फोट घडवून आणते." खाली सही नाही, पाकीट पोलीस कचेरीच्या पत्त्यावर. स्फोट आमचे होते, ही गोष्ट लिहिताना मला अडचणीची वाटली नाही. उलट आपण फारच हुशार आहोत, असं वाटलं. लाज वाटायला अजून चार दिवस होते.

जीप आली. हवालदारानं निनावी कागद आल्याचं सांगून चुलतीला शहरातल्या एका कचेरीत जबाबाला बोलावलं. ती सकाळी गेली, तिला दिवसभर बाकावर बसवलं आणि अंधार पडल्यावर "उद्या या" म्हणून सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पहिल्या दिवशी जाताना ती बांधावर थांबली, आपल्या ज्वारीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच गायीला काहीएक न बोलता निघाली. कणसात दाणा नुसता दुधाचा होता. दोन दिवस राखण नाही म्हणजे रान संपलं.

त्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर सुटलो. दादांचा खुशीतला चेहरा बघायचा होता. बांधावर आलो तर आमचा माळा रिकामा. आमच्या ज्वारीवर भोरड्यांची पंगत बसलेली, कणसं वरून खाली सोललेली. आणि ओरडण्याचा आवाज येत होता पलीकडून. दादा चुलतीच्या माळ्यावर उभे होते. तिचीच गोफण त्यांच्या हातात. तिच्या रानातलं एकेक पाखरू ते आमच्या रानात घालत होते.

"दादा, ते नानीचं रान हाय!" मी ओरडलो. चुलतीला मी नानी म्हणायचो.

"मला दिसत न्हाई व्हय? दगुड येच आनि वर दे."

"आनि आपलं?"

"दोन रानं एक मानूस राखतो का? डबं वाजवायचं बंद, धमाकं बंद." त्यांनी दगड सोडला. भोरड्या उठल्या आणि सरळ आमच्या कणसांवर बसल्या. "ती समूर असती तर तिच्या नाकावर टिच्चून घातली असती सगळी पाखरं. वर्साची भाकरी हाय तिची. ती कचेरीत बसल्याली, आनि मी हितं काय तिच्या मागं तिचं रान खाऊ घालू?" मग खाली वाकून म्हणाले, "आनि कानिफा, त्यो कागद कुनी घातला तेवढं हुडकून काढ. मागनं मारनाऱ्याला मी दावनीला बांधनार हाय."

मी दगड वेचत राहिलो. वाकलेलं होतो ते बरं होतं.

दिवस मावळायच्या आत चुलती परतली. दादांनी तिला लांबून पाहिलं आणि माळ्यावरून उडी टाकून आमच्या बाजूला आले, या वयात. ती बांधावर उभी राहिली. आपली ज्वारी पाहिली, जशीच्या तशी. मग आमची पाहिली. दादा बैलाला म्हणाले, "आज पाखरं आपल्याकडंच लई आली बाबा. पाखरांचा काय भरवसा न्हाई."  चुलती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जीभ काढ."

मी जीभ काढली. पेन्सिल जिभेवर घासायची सवय. कचेरीत सगळ्या कारकुनांच्या जिभा जांभळ्या असत. तिनं नीट पाहिलं. "लई लिवतूस रं बाबा," म्हणाली आणि घरात गेली.

तिसऱ्या दिवशी प्रकरण मिटलं. कचेरीतल्या साहेबांनी फडकं कशाला हलवतेस विचारलं, तेव्हा तिनं त्यांनाच विचारलं, "पाखरांना कागद लिवून पाठवू का?" मग कनवटीची दुसरी गोफण काढून आवारातल्या चिंचेचा एकच आकडा, साहेबांनी बोटानं दाखवलेला, दगडानं खाली पाडला. ही हकिकत हवालदारानं आम्हाला सांगितली. साहेबांनी तो आकडा खाल्ला म्हणे. पण त्या तिन्ही दिवसांत आमच्या दोन एकरांचं वाटोळं झालं आणि ते माझ्या डाव्या हातानं झालं होतं.

मला ते सोसवेना. त्या संध्याकाळी मी दादांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली आणि नंतर उचलली नाही. मारतील असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी त्यांनी माझं बखोट धरलं, बांध ओलांडला आणि चुलतीच्या दारात मला उभं केलं. ती जात्यापाशी बसली होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, मध्ये जनावर न घेता, दादा तिच्याशी बोलले. त्यांचा आवाज फाटला होता.

"वहिनी, तुमच्यावर कागद घालनारा ह्यो. माझा ल्योक. काय शिक्षा द्यायची ती तुमी द्या."

चुलतीनं जातं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, पण जांभळेपणा ओठांनाही लागलेला होता.

"ह्यो न्हवं भावजी," ती म्हणाली.

"त्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलंय."

"पोरगं हाय, तुमच्या रानाचा सत्यानास झाला म्हनून येड्यावानी बोलतंय. साहेबानं त्यो कागद माझ्याम्होरं धरला हुता. मी बघितलाय की."

"वहिनी, तुमाला वाचता येत न्हाई."

"अक्षर कळत न्हाई, रंग तर कळतो? काळ्या शाईचा कागद हुता. चांगली काळीकुट्ट." आणि माझ्या जांभळ्या ओठांवरची नजर न हलवता तिनं जात्यात मूठभर दाणे टाकले.

दादा तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्या तोंडाकडे. ते अडाणी होते, आंधळे नव्हते. त्यांनी माझं बखोट सोडलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"रडतूस काय? सूर्व्या वर आला," चुलती म्हणाली. "माझ्या माळ्यावर जाऊन बस, म्या दळान उरकून आलेच. आनि पाखरं उठली तर तुमच्या रानात घालू नगंस. तिकडं आता काय हाय खायला?"

"मग कुठं घालू, नानी?"

तिनं जात्याला एक फेरा दिला.

"रंभाजीच्या ज्वारीतबी आता दूध भरलंय," ती म्हणाली.