कळसाडी ते प्रकाशा, दोन काठ्यांवर

पौष लागताच मी घरात सांगून टाकलं, प्रकाशाला मी गाडीत बसून जाणार नाही, चालत जाईन.

जायचं होतं ते मायच्या नवसासाठी. गेल्या वर्षी कापसाची गाडी उलटून माझा उजवा पाय मोडला. तेव्हा ती तापीकाठच्या महादेवाला बोलली होती, की पोरगा पायी आला तर त्याच्या काठ्या तुझ्या दारात ठेवीन. आमच्याकडे तशी रीतच आहे. पण माझा पाय पुरता बरा नव्हता. काठीवाचून वीस पावलं झाली की गुडघा लचके. अंगणात रोज मोजत होतो, म्हणून वीस हा आकडा पक्का.

कुणाचा पाय असा असेल तर आधी काठ्यांचं लिहितो. हाडवैद्याने एकच काठी दिली होती, तीही दुखऱ्या बाजूच्या हातात. तिच्यासकट मी तीनदा पडलो. मग कापूस वेचायला आलेले सातपुड्यातले फुलसिंगदादा हसले. गाडीला एकच चाक लावता का, म्हणाले. त्यांनी बांबूच्या दोन काठ्या तोडल्या, उभं राहून धरल्या तर कोपर जरासं वाकेल एवढ्या उंच. उजवा पाय पुढे तेव्हा डावी काठी पुढे, डाव्याबरोबर उजवी. टोकांना लोहाराकडून लोखंडी कडी बसवून घ्यावी, नाहीतर बांबू चिरतो.

पहिल्या दिवशी लोणखेड्यापर्यंत गेलो. मामा रिकामी गाडी घेऊन मागे. परत येताना माझ्याजवळ काठ्या नसणार, म्हणून गाडी. धूळ घोट्यापर्यंत येते, काठी रुतते, तेव्हा चाकोरी सोडून कडेने चालावं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर आणि ठेचा बांधून घ्यावा, वाटेत काही मिळत नाही. एका शेतातल्या बाया मला बघून थांबल्या. एक म्हणाली, "देख वं, चार पायनं जनावर चालनं." बाकीच्या हसल्या. कान तापले, पण चाल बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी गोमाई नदी उतरलो. पाणी गुडघाभर, तळाशी गोल दगड. मामा गाडीतूनच म्हणाले, "बठ रे भाचा, पडशी." मी बसलो नाही. पाण्यात एका वेळी एकच गोष्ट हलवायची, एक काठी किंवा एक पाय, उरलेल्या तिन्ही घट्ट. वेळ फार लागला. मामांची विडी संपली, दुसरीही संपली.

दुपारी प्रकाशाला पोचलो. घाटाच्या पायऱ्या उतरून आंघोळ केली, मग देवळात गेलो. दाराशी कोपऱ्यात काठ्यांचा ढीग होता, काही कुबड्याही. पुजाऱ्यांनी बोट दाखवलं. मामांनी हात पुढे केला.

दारापासून गाडी तीस पावलांवर तरी होती.

मी पुजाऱ्यांना विचारलं, "महाराज, ही सगळी माणसं घरी कशी गेली?"

त्यांनी ढिगाकडे पाहिलं. "गाडीतून," म्हणाले, "नाहीतर कुणाच्या खांद्यावर हात टाकून."

मामांनी काठी धरलीच होती. मी सोडली नाही. ते हळू बोलले, कारण लोक बघत होते. "तुन्ही मायनं देवले सांगेल शे."

"मायनं सांगं पोऱ्या चाली. ह्या काठ्यासवरच चालना मी, मामा. आते घर बी चालीसनच जासू."

मग मी नारळ वाहिला, नमस्कार केला आणि वळलो. दारापासून गाडीपर्यंत चौतीस पावलं भरली. गाडीपाशी थांबलोही नाही, रस्त्याला लागलो. मामा गाडी घेऊन मागे. लोणखेड्याच्या अलीकडे त्यांनी मला पाणी दिलं. सबंध वाट गाडी रिकामीच आली.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. तळहातांना फोड येतात, काठीच्या मुठीला फडकं गुंडाळावं. उताराला काठी थोडी पुढे, खालच्या अंगाला टेकावी. आणि देवळात कुणी हात पुढे केला तर आधी घर किती लांब आहे ते आठवावं.

घरी आलो तर मायची नजर आधी काठ्यांवर गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मुठींवरची फडकी धुऊन पुन्हा बांधलेली, आणि खालच्या कड्यांचा चिखल खरवडलेला. नवस मात्र बाकी आहे, असं ती म्हणते.

असू दे बाकी. पुढच्या पौषात पुन्हा जाईन, याच काठ्यांवर, आणि महादेवाला तसं सांगेन.