मामांचं शून्य

मामांना सगळं शून्यापासून मोजायची सवय होती. जिना चढताना खाली उभे राहून ते आधी "शून्य" म्हणत आणि मगच पाय उचलत. चहात साखर घालताना रिकामा चमचा कपावर धरून "शून्य", मग "एक". कुणी हसलं तर म्हणायचे, "अगं, कुठून निघालो ते मांडलं नाही, तर किती आलो ते कसं कळणार?" मला हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा. मी पुण्याची, त्यामुळे दुसऱ्याच्या चक्रमपणावर माझं मत तयारच असायचं.

साठचं दशक संपत आलं होतं. लंडनच्या एका हॉस्पिटलात मी भूल देणारी नवशिकी डॉक्टर होते. एकदा कॉरिडॉरमध्ये बॉयलर सूट घातलेले एक पन्नाशीचे गृहस्थ उलट्या केलेल्या ट्रॉलीच्या चाकाला विचारत होते, "काय गं बाई, आता तुझं काय दुखतंय?" मराठी ऐकून मी जागच्या जागी थबकले. म्हटलं, "दुखणं मला सांगा, मी डॉक्टर आहे." ते हात पुसत उठले. "मी सॅमसन. अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. गावात आमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून आम्हाला शनिवार तेली म्हणत. आता तेल फक्त या चाकांना घालतो, आणि शनिवारी तेही नाही." मुंबईत ते ट्रामच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ट्राम बंद पडल्या तसे मामींना घेऊन इकडे आले. त्यांना मामा म्हणायला मला कुणी सांगितलं नाही, आपोआप तोंडात आलं.

शनिवार देवाचा आणि रविवारची दुपार गाड्यांची, हा त्यांचा नेम होता. कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर रविवारी स्टॉक कारच्या रेस होत. भंगारातून उचललेल्या गाड्या, काचा काढलेल्या, पुढेमागे लोखंडी गज ठोकलेले, आणि एकमेकींना ढुशा द्यायला पूर्ण परवानगी. पहिल्यांदा मला घेऊन गेले तेव्हा मी म्हणाले, "मामा, हे मला कॅज्युअल्टीत रोज फुकट बघायला मिळतं." "तिथे नुसता शेवट बघायला मिळतो," मामा म्हणाले. "इथे सुरुवातीपासून बघ."

समाप्तीच्या रेषेसमोर, कठड्याला टेकून त्यांची ठरलेली जागा होती. शेजारी घडीच्या स्टुलावर टेड, त्यांचा वेल्डर मित्र. मामींनी दिलेला नारळाच्या दुधातला हलवा टेड डब्यातून न विचारता उचलायचा, इतकी दोस्ती. मामांच्या मांडीवर वही असे, फेऱ्यांच्या नोंदीची, तिथल्या भाषेत लॅप चार्ट. प्रत्येक फेरीला रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर ते क्रमाने टिपत, तेही मराठी आकड्यांत. "इंग्रजी आकडा काढताना हात विचार करतो गं, मराठी काढताना करत नाही. तीस गाड्या धडाधड जातात, विचाराला वेळ कुठाय?" धुरळ्यात आणि गोंधळात कोण कितवा आहे हे कुणालाच कळत नसे. मग कठड्यावरून हाक यायची, "सॅम, आपला माणूस कुठाय?" मामा वहीत बघून सांगत, आणि ते सांगणं ब्रह्मवाक्य.

आपला माणूस म्हणजे कोळसेवाला. आठवडाभर घरोघरी कोळसा पोचवायचा आणि रविवारी सत्तेचाळीस नंबरची गाडी हाणायचा. अडचण एवढीच होती की तो दर रविवारी जिंकायचा. पुढे निघायचा तो शेवटपर्यंत पुढेच. लोक कंटाळले, गर्दी रोडावली. तेव्हा मैदानवाल्यांनी नवा नियम काढला. नवख्यांच्या गाड्यांची छपरं पांढरी, त्या सगळ्यांत पुढे. मुरलेल्यांची लाल, त्या मागे. आणि मागच्या रविवारचा विजेता पार मैदानाच्या पलीकडून, इतरांच्या अर्धी फेरी मागून निघणार.

कठड्यावर आकाश कोसळलं. "जिंकल्याची शिक्षा?" टेड ओरडला. विणकाम घेऊन येणाऱ्या एका आजींनी सुया उगारून सांगितलं की आपण पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही. पुढच्या रविवारी त्या वेळेआधी हजर होत्या ही गोष्ट निराळी. टेडने निषेधाचा अर्ज लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. मामांनी केली नाही. म्हणाले, "पुढून पळाला की त्याची नुसती पाठ दिसते. मागून निघू दे, मग त्याचं ड्रायव्हिंग दिसेल. माझा विश्वास आहे त्याच्यावर. तुमचा नाही का?"

हे फार लागलं. टेडने स्टूल उचललं आणि दहा हात लांब जाऊन बसला. त्या दिवशी हलव्याचा डबा भरलेलाच परत गेला. या देशात मामांना मामींशिवाय नातेवाईक नव्हते. होता तो हा कठडा, आणि तो हातातून जायला लागला होता. बसमध्ये ते तो भरलेला डबा मांडीवर घेऊन बसले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "आपलंही तसंच नाही का मामा? परक्या देशात आपणही मागूनच निघालो." ते एकदम उखडले. "उगाच तत्त्वज्ञान काढू नकोस. मी गाड्यांबद्दल बोलतोय."

नव्या नियमाची पहिली रेस आली. वीस फेऱ्या. झेंडा पडला, पांढऱ्या छपरांच्या गाड्या रेषेवरून सुटल्या आणि पलीकडच्या बाजूने एकटा कोळसेवाला सुटला. काय चालवली त्याने गाडी! एकेकाला बाजूला सारत, फटीतून घुसत तो पुढे येत होता. सह्या केलेले सगळे घसा फोडून ओरडत होते. शेवटी त्याला समाप्तीचा चौकड्यांचा झेंडा दाखवला, कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारलं आणि टेड स्टूल टाकून आमच्याकडे धावत आला. "सॅम, तू बरोबर होतास! मागून येऊन जिंकला!"

मामा वहीकडे बघत होते. त्यांनी हळूच मला ओळ दाखवली. इतर गाड्या रेषेवरूनच निघालेल्या, त्यांनी पहिल्यांदा रेषा ओलांडली तेव्हा एक फेरी पुरी झाली होती. कोळसेवाला पलीकडून निघालेला, त्याने पहिल्यांदा ओलांडली तेव्हा अर्धीच. मामांनी तिथे शून्य मांडलं होतं. नव्या नियमाच्या घाईत मोजणाऱ्यांनी एक धरला होता. त्याची एक फेरी जास्त मोजली गेली होती. खरा पहिला होता त्याच्या दोन गाड्या पुढे असलेला एक नवखा पोस्टमन.

"अहो मामा, जाऊ द्या ना," मी म्हणाले. "तुमचाच माणूस जिंकलाय. टेड पण परत आला."

"माझाच आहे म्हणून तर," ते म्हणाले आणि वही घेऊन पंचांच्या खोलीकडे चालू लागले.

दहा मिनिटांनी निकाल बदलला. पोस्टमन पहिला, कोळसेवाला तिसरा. मामा परत आले तेव्हा लोक त्यांच्याकडे बघून हुर्यो करत होते. टेडचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुझी ती वही! तिच्यात काय खरडलंय देव जाणे! कुणाला येतं वाचता?" मामांनी वही मिटली नाही, उघडीच धरली. मला त्या सगळ्या कठड्याचा संताप आला होता.

तेवढ्यात तेलाने माखलेला कोळसेवाला कठड्यापाशी आला. "बघू," म्हणाला. मामांनी ओळीवर बोट ठेवलं. "हे शून्य. इथे तू रेषा ओलांडलीस, पण फेरी झाली नव्हती." त्याने बोटाने एकेक फेरी मोजली आणि मान डोलावली. "बरोबर आहे सॅमचं. मलाही वाटलंच, झेंडा लवकर कसा आला."

मग मामांनी वहीचं कोरं पान उघडलं, पेन्सिल टेडच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचता येत नाही ना? शीक. दहाच आकडे आहेत." टेडने पेन्सिल घेतली नाही. पण पुढच्या रविवारी तो स्टूल घेऊन जुन्या जागी आला, आणि त्याच्या हातात सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा होता. तो त्याने मामांच्या पुढे धरला. मामांनी त्यावर दहा आकडे काढून दिले आणि टेडने हलवा उचलला.

उन्हाळाभर त्याचा पाच उलटाच येत होता. पुढे कोळसेवाला लाल छपरांतून एक रेस जिंकला आणि त्याच्या पुढच्या रविवारी अर्धी फेरी मागून निघून खरोखरीचा जिंकला. त्या दिवशी मामा उठून नाचले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक फेरी टिपायची विसरले. त्यांच्या वहीतली ती एक ओळ टेडच्या वाकड्यातिकड्या मराठी आकड्यांत आहे. मामा ती कौतुकाने सगळ्यांना दाखवत.

मला एडिनबराला कायमची जागा मिळाली. निरोप द्यायला मामा स्टेशनवर आले. मी नव्या हॉस्पिटलच्या धास्तीत होते. गाडी हलायच्या आधी ते खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "शून्य मांड आणि निघ. बाकीचं होतं." झालंही. आज इतक्या वर्षांनी प्रत्येक पेशंटला भूल देण्याआधी मी मनात शून्य म्हणते, आणि मगच सुई हातात घेते.

ते गेल्याचं मामींनी कळवलं तोवर दफन झालंही होतं. त्यांच्यात थांबत नाहीत. मला पोचता आलं नाही, याची खंत अजून आहे. काही महिन्यांनी लंडनला गेले, तेव्हा रविवार गाठून मैदानावर गेले. टेड स्टुलावर होता, पिकलेला. शेजारची जागा त्याने डबा ठेवून राखली होती. मांडीवर नवी वही होती आणि तिच्यात भराभर काढलेले मराठी आकडे. पाच सुलटा.

"आता तरी इंग्रजीत लिही की," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे चमकून बघितलं. "लॅप चार्ट इंग्रजीत? छे! तो असाच लिहितात."

गाड्या रांगेत लागल्या. टेडने पेन्सिल ओळीच्या सुरुवातीला टेकवली आणि ओठांतल्या ओठांत, अगदी स्वच्छ, म्हणाला, "शून्य."