तोफ गोड बोलायला लागली

छापखान्यातल्या फोरमनला सगळे तोफ म्हणायचे, अर्थातच पाठीमागे. समोर म्हणायची कोणाची टाप होती? मशिनं धडधडत असली की शेजारच्याचं बोलणं कळत नाही, पण तोफेचा आवाज सगळ्या मशिनांवरून उडी मारून पार टोकाच्या बाइंडिंगच्या टेबलापर्यंत यायचा. "अरे शाई बघा, शाई! पुस्तक छापताय की भिंत रंगवताय?" बाइंडिंगच्या बायका मानही वर करायच्या नाहीत. तोफ धडाडतेय म्हणजे काम आहे, पगार आहे, सगळं ठीक आहे.

म्हणूनच एका सकाळी तो टेबलाशी आला आणि कुजबुजल्यासारखा म्हणाला, "ताई, सवड झाली की केबिनमध्ये येता का? जरा बोलूया," तेव्हा घडीताईच्या हातातली घडी अर्धवटच राहिली.

घडीताई म्हणजे बाइंडिंगची मुख्य. छापून आलेल्या मोठ्या कागदाला तिथे फर्मा म्हणतात. त्याच्या घड्या घालायच्या, त्या क्रमाने लावायच्या, शिवायच्या. सगळं आयुष्य यात गेलं म्हणून हे नाव पडलं. घरी रुमाल हातात दिला तरी ती अंगठ्याने कड दाबून बघायची. आणि स्वभाव असा संशयी, की कोणी "कशा आहात?" विचारलं तर आधी "का?" म्हणायची.

पण या वेळी संशयाला कारण होतं. आजवर तोफ हळू बोलली होती ती एकदाच. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या काकांना त्याने केबिनमध्ये नेलं, खुर्ची दिली, चहा मागवला, दार लावून घेतलं. बाहेर एक शब्द ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी काकांच्या जागेवर कॉम्प्युटर आला. तेव्हापासून केबिनमधला चहा म्हणजे हातात नारळ, हे तिथे नव्याने लागलेल्यालाही पहिल्या आठवड्यात कळायचं.

केबिनमध्ये चहा होता. वर बिस्किटंही होती.

"बसा ना, ताई. इथे काम करताना तुम्हाला कसं वाटतं?"

"कसं वाटणार? उकडतं."

तोफेने गंभीरपणे मान डोलावली. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला इथे उकडतं."

"मी तेच म्हणाले ना आत्ता!"

"तुम्हाला राग आलेला दिसतोय. मी समजू शकतो."

अगं बाई! हा माणूस समजू शकतो? तिने चहाला बोटसुद्धा लावलं नाही. उद्या हाच सांगेल, बाई स्वतःच म्हणाल्या उकडतं, म्हणून मोकळं केलं. "टेबलावर काम पडलंय," असं म्हणून ती उठली ती थेट जागेवर आली.

पाणी कुठे मुरतंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. मागे एका पुस्तकाची पानं उलटसुलट निघाली होती. गिऱ्हाईक समोर उभं, आणि तोफ सगळ्यांदेखत तिच्यावर बरसली होती. "डोळे घरी ठेवून येता का? घडी घालायची अक्कल नाही!" घडी बरोबर होती. फर्माच चुकीचा छापला होता, आणि तो छापण्याआधी पास केला होता खुद्द तोफेने. हे ती सांगायला गेली, तर मशिनं सुरू झाली. त्या दिवसापासून कटिंगवाला येताजाता विचारायचा, "ताई, चष्मा झाला का?" आणि सगळे खी खी करायचे. तिने मालकीणबाईंकडे जाऊन सरळ सांगितलं, "या माणसाच्या तोंडाला आवर घाला, नाहीतर मी जाते." मालकीणबाई म्हणाल्या, "बघते मी."

असं बघितलं होय! तक्रार करणारीचाच काटा काढायचा, झालं.

घरी तिने हे सासूबाईंना सांगितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सोलणं थांबवलं नाही, पण चेहरा असा केला, की जणू याचीच वाट बघत होत्या.

"तुझे सासरे जन्मात एकदाच माझ्याशी गोड बोलले," त्या म्हणाल्या. "बदली होऊन महिना झाला होता आणि मला सांगितलं नव्हतं. बिस्किटं कुठली होती?"

"क्रीमची."

"मग गेलीच तुझी नोकरी."

त्यानंतर ती तोफेवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागली. आणि काय काय दिसलं! शाई पसरली, तर तोफ आरडाओरडा करायच्या ऐवजी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आकडे मोजत उभी. मशीनवाल्याला म्हणे, "यावर तुमचं मत काय?" बिचारा मशीनवाला घाबरून बाथरूममध्ये जाऊन बसला. जेवणाच्या सुट्टीत तोफ गायब. डबा तसाच, माणूस नाही.

एकदा सुट्टीतच ती पुठ्ठे आणायला कागदाच्या खोलीकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत तोफ कागदाच्या गठ्ठ्यावर बसलेली, कानात इअरफोन, समोर फोन टेकवून ठेवलेला. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. पण इकडचं आलं.

"ताई, हे बोलताना मलाही जड जातंय... तुम्ही इतकी वर्षं इथे आहात... पण जे झालं, त्यात आपल्या दोघांच्याही भावना... नाही मॅडम, परत करतो. मला हे जमलंच पाहिजे. आता फार दिवस नाहीत माझ्याकडे."

घडीताई दाराशीच थबकली. नारळ द्यायची रंगीत तालीम! तीही मास्तरीण लावून! पुठ्ठे न घेताच ती परत फिरली.

रात्रभर वाट बघणाऱ्यातली ती नव्हतीच. लांबच्या एका छापखान्याचं तिला कधीपासून बोलावणं होतं. दोन बस बदलून जायचं, पगार कमी, म्हणून ती नाही म्हणत आली होती. त्याच संध्याकाळी तिने फोन केला. "सोमवारपासून येते." काढून टाकायच्या आत आपण निघालेलं बरं. पण फोन ठेवला तरी एक गोष्ट सलत राहिली. ती गेली, की ती चूक कायमची तिच्याच नावावर राहणार होती. चष्म्याची चेष्टा तिच्यामागेही चालू राहणार होती, आणि हे तिला अजिबात सहन होत नव्हतं.

शनिवारी दुपारी मशिनं धुवायला बंद केली होती. तिने खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली आणि मशिनांच्या मधोमध तोफेसमोर जाऊन उभी राहिली.

"मी चालले. सोमवारपासून दुसरीकडे."

तोफेचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... आपण केबिनमध्ये शांतपणे बसून..."

"केबिनमध्ये तुम्ही बसा! नारळ द्यायचा तो इथे द्या, सगळ्यांसमोर."

"नारळ? कोणाला?"

"ढोंग पुरे. ती मॅडम कोण? तिच्यापुढे मला काढायची तालीम कोण करत होतं?"

 तोफ खाली मान घालून, शाळेतल्या पोराने सांगावं तसं सांगायला लागली. "मालकीणबाईंनी मला ऑनलाइन कोर्सला बसवलंय, नोकरी सांभाळून करायचा. भांडणं कशी हाताळायची, कशी मिटवायची. म्हणाल्या, शिका, नाहीतर ताई जाईल, आणि ताई गेली तर तुम्हीही घरी बसा. परीक्षेला एक खरं भांडण मिटवायचंय. मी आपल्या दोघांचं घेतलं. ती माफी मागायची तालीम होती, ताई. दोनदा नापास झालोय."

घडीताईला हसावं की रडावं कळेना. सासूबाई आणि त्यांची बिस्किटं! पण पिशवी तिने खाली ठेवली नाही. संशय असा एका वाक्यात थोडाच जातो?

"मग मागा की माफी."

त्याने घसा साफ केला. "त्या प्रसंगात आपल्या दोघांच्याही भावना दुखावल्या गेल्या, आणि मी तुमच्या भावनांचा..."

"दोघांच्या?" ती कडाडली. "माझ्या भावना राहू द्या बाजूला! शिव्या सगळ्यांसमोर दिल्यात, आणि माफी कानात? तो फर्मा कोणी चुकवला होता, एवढंच सांगा!"

 मशीनवाला हातात शाईचं फडकं धरून उभा होता. कटिंगवाला लांब, आपल्या मशीनशी. तोफेने डोळे मिटले, ओठ हलायला लागले. आकडे मोजणं सुरू झालं. मग कुठल्याशा आकड्यावर ते मोजणं थांबलं आणि त्याने छाती भरून श्वास घेतला.

"मी चुकवला होता!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"फर्मा मी बघितला, मी पास केला, चूक माझी! ताईंची घडी बरोबर होती! गिऱ्हाइकासमोर माझी अब्रू जाऊ नये म्हणून मी ताईंची घालवली! मला माफ करा, ताई!"

किती दिवसांनी तोफ धडाडली होती. बाइंडिंगच्या बायका टेबल सोडून पुढे आल्या होत्या. घडीताईने पदराने डोळे पुसले, मागे वळली आणि पिशवी होती त्याच खुंटीला अडकवली. लांबच्या छापखान्याला काय सांगायचं ते नंतर बघू. मग ती पुन्हा तोफेकडे वळली.

"कटिंगवाल्याला नीट ऐकू गेलं नसेल," ती म्हणाली. "परत एकदा म्हणा."